साडेपाच ग्रॅम आणि आत्याचा फ्रीज

मेच्या मध्यावर नागावात एक दिवस असा येतो की दुपारी साडेबाराच्या सुमारास माणसाची सावली त्याच्याच पायाखाली शिरते. सूर्य बरोबर डोक्यावर. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या वाडीतल्या घराच्या एसीने थंड हवा द्यायचं बंद केलं.

मेकॅनिक अलिबागहून मोटरसायकलवर आला. समुद्राच्या बाजूच्या भिंतीवरचं आउटडोअर युनिट उघडलं, कॉइलवर बोट दाबलं, आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पापडासारख्या चुरल्या. तांब्याच्या नळीच्या एका वळणावर हिरवट डाग होता. त्यावर त्याने साबणाचा फेस लावला. आम्ही दोघं वाट बघत उभे. मिनिटभराने एक बुडबुडा आला, हळूच फुगला आणि फुटला.

“खाऱ्या हवेने खाल्ली, काका. किनाऱ्याला सगळ्यांचं हेच. एक कॉइल तीन वर्षं निघाली म्हणजे डोक्यावरून पाणी.”

मग उरलेला गॅस काढायला त्याने नट सैल केला. फस्स... चार-पाच सेकंद. एसी जुना, गॅस आर-२२. त्या चार-पाच सेकंदांत जे निघून गेलं त्यात क्लोरीन होता. आणि नळीला ज्याने भोक पाडलं तो खाऱ्या वाऱ्यातला क्षारही क्लोरीनचाच. म्हणजे समुद्रातल्या क्लोरीनने नळीतल्या क्लोरीनला सोडवलं होतं. दोघे एकाच मूलद्रव्याचे, पण एकाने आकाशाला कधी धक्का लावला नाही आणि दुसऱ्याने अंटार्क्टिकावर नऊ भारत मावतील एवढं भगदाड पाडलं. मला त्या दुपारी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडायला बसलो.

सुरुवात पायाखालच्या वाळूपासून. किनाऱ्यावर एक मीटर लांब, एक मीटर रुंद पंचा अंथरा. त्या पंच्यावर थेट अवकाशापर्यंत जो हवेचा खांब उभा आहे त्याचं वजन दहा टन भरतं, म्हणजे एका मोठ्या ट्रकचा भरगच्च माल. आता त्या खांबातला ओझोन तेवढा वेगळा काढायचा. ओझोन मोजायचं एकक डॉब्सन. १०० डॉब्सन म्हणजे सगळा ओझोन गोळा करून शून्य अंश तापमानाला समुद्रसपाटीच्या दाबाखाली अंथरला तर होणारा एक मिलिमीटर जाडीचा थर. जगाची सरासरी ३०० च्या आसपास असते. आपल्या अक्षांशावर ती कमी, म्हणून मी २६० धरले. म्हणजे २.६ मिलिमीटर, एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवावीत जवळपास तेवढे. पंच्याच्या क्षेत्रफळाने गुणलं की २.६ लिटर. वजन साडेपाच ग्रॅम.

दहा टन हवेत साडेपाच ग्रॅम. चहात आपण यापेक्षा जास्त साखर घालतो.

आणि हे साडेपाच ग्रॅम करतात काय? पाणी शुद्ध करायच्या यंत्रात जी जांभळट उजेडाची नळी असते, तिचा खरा प्रकाश डोळ्याला दिसत नाही. त्याची तरंगलांबी २५४ नॅनोमीटर, जंतूंची गुणसूत्रं मोडणारी. सूर्याकडूनही हा प्रकाश येतो. सूर्य डोक्यावर असताना त्या रंगाच्या प्रकाशकणांपैकी किती नागावच्या वाळूपर्यंत पोचतात, याचं गणित फार अवघड नाही, कारण ओझोनचा एक रेणू हा प्रकाश किती अडवतो हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. उत्तर येतं ते असं: एकावर ३४ शून्यं एवढे कण वरून निघाले, तर खाली सरासरी एकसुद्धा पोचत नाही.

एवढ्या मोठ्या संख्येला आपल्याकडे नाव आहे का? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांच्या नावांची यादी आहे: कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. तिथे यादी संपते. एकावर ३४ शून्यं म्हणजे परार्ध गुणिले परार्ध. यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा चढायची, तेव्हा कुठे एका प्रकाशकणाचा पत्ता लागायचा. हे काम चमचाभर वायू करतो, तेही रोज मोडून पुन्हा जुळत. सिडनी चॅपमन यांनी १९३० साली ती मोडजोड मांडली. तीव्र प्रकाश ऑक्सिजनचा रेणू फोडतो, सुटा अणू दुसऱ्या रेणूला चिकटतो, तीन अणूंचा ओझोन होतो. ओझोन प्रकाश गिळतो आणि फुटतो, सुटा अणू पुन्हा चिकटतो. हौदात नळ चालू आणि मोरीही उघडी. पाण्याची पातळी ठरते ती या दोघांच्या वेगावर.

आता फ्रीज. आमच्या पडवीत आत्याचा जुना फ्रीज अजून उभा आहे. त्याचं हल्ली कपाट झालं आहे; आत सोललेल्या सुपाऱ्या, आमसुलांची बरणी आणि लाइटची जुनी बिलं असतात. हा फ्रीज गेला १९९४ च्या ऑक्टोबरात. फ्रीजरमध्ये पापलेट बर्फाला घट्ट चिकटलं होतं. आत्याने सुरीचं टोक मारलं. फस्स... पापलेट निघालं, फ्रीज गेला. कोकणात ज्यांच्या घरी त्या काळी फ्रीज होता, त्यांपैकी निम्म्या घरांत ही कथा सापडेल, मासा तेवढा बदलेल.

त्यात होता आर-१२, म्हणजे एक कार्बन, दोन फ्लोरीन आणि दोन क्लोरीन. छोट्या घरगुती फ्रीजमध्ये तो सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरत. सोयीसाठी १२० धरू, कारण १२१ ग्रॅमला या वायूचा बरोबर एक मोल होतो, आणि एका मोलात सहावर २३ शून्यं एवढे रेणू असतात. साठ लाख परार्ध. हे असं नुसतं लिहून कळत नाही. म्हणून नागावचा किनारा तीन किलोमीटर लांब, ओहोटीला शंभर मीटर रुंद धरला, मीटरभर खोल खणला, आणि वाळूचा कण पाव मिलिमीटरचा मानला. एका घन मिलिमीटरात चौसष्ट कण. सगळ्या किनाऱ्यात मिळून दोन मध्याच्या आत-बाहेर, म्हणजे दोनावर सोळा शून्यं. आत्याच्या सुरीने जेवढे रेणू सुटले, तेवढे वाळूचे कण जमवायचे तर नागावसारखे तीन कोटी किनारे लागतील.

एक-दोन वर्षांत हे रेणू सगळ्या पृथ्वीच्या हवेत एकजीव झाले. आर-१२ चं सरासरी आयुष्य शंभर वर्षं, त्यामुळे त्यातले तीन-चतुर्थांश आजही शाबूत आहेत. आपण एका साध्या श्वासात अर्धा लिटर हवा घेतो. भागाकार करून पाहिला. हे वाचताना तुम्ही जो श्वास घेतलात, मग तुम्ही नागपुरात असा नाहीतर न्यू जर्सीत, त्यात आत्याच्या फ्रीजमधले पन्नासएक रेणू आहेत. एका फ्रीजचे. जगातल्या सगळ्या आर-१२ चा हिशेब केला तर प्रत्येक श्वासात सहा लाख कोटी निघतात. ते अंगाला काहीच करत नाहीत. तेच तर त्यांचं वैशिष्ट्य होतं. विषारी नाहीत, जळत नाहीत, कशाशी बोलत नाहीत. १९२८ साली थॉमस मिजली यांच्या चमूने हे वायू शोधले तेव्हा फ्रीजमध्ये अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइडसारखे वायू असत. गळती झाली तर माणसं गुदमरत. त्या तुलनेत हा देवमाणूसच म्हणायचा.

मेकॅनिकला मी यातलं थोडं सांगितलं. त्याने गेज पुसत विचारलं, “पण काका, हा गॅस हवेपेक्षा जड. खाली बसतो, आम्हाला शिकवलंय तसं. वर कसा जाईल?”

प्रश्न बरोबर आहे, आणि या वायूंवर ओझोनचा आळ आला त्या १९७४ नंतर कित्येक वर्षं शिकल्यासवरल्या लोकांनीही तो आडवा टाकला. आर-१२ हवेच्या चौपट जड आहे. बंद खोलीत तो तासभर जमिनीशी रेंगाळेलही. पण कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असूनही आपल्या गुडघ्यापर्यंत साचून राहत नाही, कारण वारा वजन बघत नाही, सगळं ढवळून टाकतो. वर जायचं दारही आपल्याच पट्ट्यात आहे. उष्णकटिबंधात, साधारण १७ किलोमीटर उंचीवर, हवा खालच्या वातावरणातून वरच्या स्थितांबरात झिरपते. झिरपते हाच शब्द योग्य, कारण तिथला चढ सेकंदाला मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आहे. महिन्याला पाऊण किलोमीटर, फारतर एक. सुपारीवर चढणारा पाडेली जेवढ्या वेळात शेंड्याला पोचतो तेवढ्यात हा वायू दोन-चार सेंटिमीटर वर सरकलेला असतो. ओझोन तयार होतो तोही इथेच, उष्णकटिबंधाच्या डोक्यावर, आणि हाच प्रवाह त्याला ध्रुवांकडे वाहून नेतो. पिकतं आपल्याकडे आणि साठा मात्र थंड मुलखात, म्हणून तर आपल्या वाट्याला २६०.

पंचवीस-तीस किलोमीटरवर पोचल्यावर ओझोनचं छत्र विरळ होतं, तीव्र प्रकाश या न बोलणाऱ्या रेणूला गाठतो आणि क्लोरीनचा अणू तुटून सुटतो. पुढचं मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी जून १९७४ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं. सुटा क्लोरीन ओझोनचा एक ऑक्सिजन ओढून घेतो आणि क्लोरीन मोनॉक्साइड होतो. ओझोनचा साधा ऑक्सिजन उरतो. वाटेत ऑक्सिजनचा सुटा अणू भेटला की मोनॉक्साइड आपला ऑक्सिजन त्याला देऊन टाकतो. क्लोरीन पुन्हा मोकळा. पंगतीतल्या वाढप्यासारखा: बादली रिकामी झाली की परत पुढच्या ओळीला हजर. फरक एवढाच, की हा वाढत नाही, ताटं उचलतो. एका अणूने खाली परतण्यापूर्वी उचललेली ताटं सरासरी एक लाखाच्या घरात जातात.

तेव्हा आत्याच्या फ्रीजचा पूर्ण हिशेब: १२० ग्रॅम वायू, त्यात ७० ग्रॅम क्लोरीन, प्रत्येक अणूमागे एक लाख ओझोन. गुणाकार साडेनऊ टनांवर जातो. साडेनऊ टन ओझोन! पंच्यामागे साडेपाच ग्रॅम या दराने हा पावणेदोन चौरस किलोमीटरांवरचा सगळा ओझोन झाला. नागावच्या अख्ख्या किनाऱ्यावरचं छत जवळपास सहा वेळा उतरवण्याइतका. अर्थात ते असं एका जागी, एका दिवसात होत नाही. शंभर-दीडशे वर्षांत, जगभर विखरून होतं, आणि दरम्यान हौदाचा नळ चालूच असतो. पण १९८० च्या दशकाअखेर जग या वायूंचं उत्पादन वर्षाला दहा लाख टनांच्या वर करत होतं. म्हणजे दरवर्षी आत्याचे आठ-नऊशे कोटी फ्रीज.

सत्तर ग्रॅम क्लोरीन. या आकड्यापाशी मी थबकलो, कारण समोरच समुद्र होता. समुद्राच्या एका लिटर पाण्यात १९ ग्रॅम क्लोरीन असतो, मिठाच्या रूपात. म्हणजे ज्या सत्तर ग्रॅमांनी साडेनऊ टन ओझोन जातो, तेवढा क्लोरीन नागावच्या लाटेत बुडवलेल्या एका लहानशा कळशीत भरतो. किनाऱ्यावर पोरं रोज याहून जास्त एकमेकांच्या अंगावर उडवतात. वारा लाटांच्या माथ्यावरून हे मीठ उचलून वाडीत आणतो, पत्रे खातो, खिळे खातो, कॉइली खातो. मग हा क्लोरीन वर का जात नाही?

पाऊस. मीठ पाण्यात विरघळतं, आणि या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी वरून पडतं. खारा कण ढगापर्यंत पोचतो आणि थेंबात बसून परत येतो. स्थितांबराच्या दारापर्यंत त्याची मजल जात नाही. आर-१२ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे अख्खा जून-जुलै त्याच्या अंगावरून जातो आणि तो कोरडाच राहतो. पावसाने धुतला न जाणं एवढ्या एका गुणावर ही सगळी शून्यं उभी आहेत.

आर-२२ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी याच जागी मेख मारली. एका क्लोरीनच्या जागी हायड्रोजन बसवला. त्यामुळे तो खालच्या हवेतच मोडतो, बाराएक वर्षांत, आणि त्यातला बहुतेक क्लोरीन पावसात सापडतो. ओझोनला त्याचा उपद्रव आर-१२ च्याच घराण्यातल्या आर-११ च्या अठराव्या हिश्श्याएवढा. माझ्या एसीमधून त्या दुपारी आणि त्याआधीच्या महिन्यांत मिळून किलोभर गेला असेल तर तो एक चौरस किलोमीटरचा हिशेब. अठरावा हिस्सा ऐकून हायसं वाटलं होतं, ते किलोमीटर बघून गेलं.

अंटार्क्टिकाचं गणित मात्र वेगळ्याच वेगाने चालतं. एरवी क्लोरीन बराच काळ कोंडलेला असतो, हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट या दोन कोठड्यांत. ध्रुवावरच्या लांबलचक रात्री स्थितांबराचं तापमान उणे ७८ अंशांखाली गेलं की तिथे शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चमकणारे ढग तयार होतात, आणि त्यांच्या कणांवर हे दोन्ही कैदी एकमेकांना सोडवतात. सप्टेंबरात सूर्य उगवला की सगळा क्लोरीन एकदम मोकळा. जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी मे १९८५ मध्ये हॅली बे केंद्राची मोजणी छापली तेव्हा ऑक्टोबरची सरासरी जुन्या ३०० च्या आसपासवरून २०० च्या खाली आलेली होती. ३० सप्टेंबर १९९४ ला, म्हणजे आत्याच्या पापलेटाच्या थोडंसंच आधी, तिथे एका जागी ७३ डॉब्सन नोंदले गेले. पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. सप्टेंबर २००० मध्ये छिद्र सुमारे तीन कोटी चौरस किलोमीटरांवर गेलं, म्हणजे ९७ महाराष्ट्र. हे करणारा क्लोरीन तिथल्या हवेत किती होता? अब्ज रेणूंमागे तीन-चार.

आपल्याकडचं मोजमापही यात आहे. पुण्याच्या हवामान खात्यातून फुग्याबरोबर सोडायच्या ओझोनसाँडवर अॅना मणी यांनी १९६० च्या दशकात काम केलं. ते यंत्र पुणे, दिल्ली आणि तिरुअनंतपुरमवरून तर उडालंच, पण अंटार्क्टिकावरच्या मैत्री या आपल्या केंद्रावरूनही उडालं. आपली पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये निघाली तीही गोव्याहून, याच समुद्रातून.

हे वायू बंद करायचा माँट्रियल करार १६ सप्टेंबर १९८७ चा. भारत त्यात १९९२ च्या जूनमध्ये आला आणि आर-१२ च्या घराण्याचं उत्पादन आपण १ ऑगस्ट २००८ पासून थांबवलं. आज त्यात १९८ पक्ष आहेत, म्हणजे एकूण एक देश. तरी घाई नाही. अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीला यायला २०६६ उजाडेल, असा २०२२ चा अंदाज आहे.

आणि या कराराच्या यादीत नसलेला एक वायू शेतातून निघतो. अलिबागच्या पलीकडे थळला खताचा कारखाना आहे. वर्षाला सतरा लाख टनांहून अधिक युरिया तिथे तयार होतो. ४५ किलोच्या एका गोणीत साधारण २१ किलो नायट्रोजन असतो. ढोबळ नियम असा, की शेतात पडलेल्या नायट्रोजनचा शंभरावा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. गोणीमागे सव्वातीनशे ग्रॅम. तोही पाण्याने धुतला जात नाही, शंभरहून अधिक वर्षं टिकतो, आणि वर गेल्यावर नायट्रोजनही क्लोरीनसारखाच वाढपी होतो, हे पॉल क्रुट्झेन यांनी १९७० सालीच दाखवलं होतं. ए. आर. रविशंकर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हिशेब केला, तेव्हा ओझोनला अपाय करणाऱ्या उत्सर्जनात आता हाच पहिल्या क्रमांकावर निघाला. याला करारात बसवायचं तर आधी भात पिकवायचा कसा ते सांगावं लागेल, त्यामुळे अजून कोणी बसवलेला नाही.

मेकॅनिकने शेवटी सांगितलं की कॉइलचा खर्च करण्यात अर्थ नाही, नवा एसी घ्या. नव्यात आर-३२ असतो, त्यात क्लोरीन अजिबात नाही. हवा तापवायचं काम तो करतो, पण त्याची वही वेगळी. जाताना त्याची नजर पडवीतल्या फ्रीजवर गेली. “हे पण देऊन टाका भंगारात. पत्रा आहे चांगला. गॅस तर कधीच गेलाय.”

मी दार उघडून आतल्या भिंतीवर बोटांनी वाजवलं. प्लॅस्टिकला एका कोपऱ्यात तडा आहे, त्यातून आतला पिवळा फोम दिसतो. त्या काळी तो फोम फुगवत आर-११ ने. प्रत्येक बारीक बुडबुड्यात तोच वायू भरलेला, रेणूमागे तीन क्लोरीन, आणि अशा फ्रीजच्या भिंतींत तो नळीतल्या गॅसपेक्षा जास्तच असतो. भंगारवाला हातोड्याने पत्रा सोलतो आणि फोम वाडीच्या कडेला टाकतो.

मी सुपाऱ्या परत आत ठेवल्या आणि दार लावलं. ते नीट बसत नाही, म्हणून आत्या जशी बांधायची तशी सुंभाची गाठ मारली.